गोदामाचं कुलूप आणि एक दाढ

...आणि कुलूप लागलेलंच होतं, तुम्हाला सांगतो, सातही वेळा लागलेलंच होतं! पण बावीस वर्षं कारखान्याचं गोदाम सांभाळणारा माणूस, संध्याकाळी कामगारांची गाडी सुटता सुटता खाली उतरून एकदा कुलूप ओढून आला, तर बिघडलं कुठं? ओढायचं, चार पावलं यायचं, की मनात येतं... ओढलं ते कुलूपच होतं ना? की परत. गाडी आपली भोंगा वाजवत उभी.

साहेब म्हणाले, "डोक्याच्या डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर गोदामाची किल्ली छगनकडे."

छगनकडे! हा आमचा शिपाई, रोज सायकलवर येतो आणि सायकल विसरून चालत घरी जातो. वर मलाच म्हणतो, "भाऊसाहेब, तुमी निवांत जावा. किल्लीची काळजी करू नगा, म्या हाय ना."

आता कोपरगावात डोक्याचा डॉक्टर कुठला? विचारावं, तर एकानं चष्म्याच्या दुकानात धाडलं, दुसऱ्यानं तेल सुचवलं. शेवटी कळलं, नगरला महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पुण्याहून एक येतात, पण बसतात दातांच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत. वेगळी पाटी लावली तर तिच्याखालून आत जाणार कोण?

गेलो. बाकावर पाहतो तर सगळे गालाला रुमाल लावून! मीही लावला. शेजारी कोण, तर आमच्या कारखान्याच्या विम्याचं काम बघणारे आप्पासाहेब.

"दाढ," ते म्हणाले.

"माझीही," मी म्हणालो.

मग हळूच विचारलं, आतल्या खोलीची फी विम्यात बसते का? कारण ती फी म्हणजे माझा अर्धा पगार, आणि सहा महिने यावं लागतं म्हणे. आप्पासाहेब रुमालातूनच म्हणाले, "डोकं यादीत नाही. दाढ आहे. बिल दाताच्या पाटीवर करून घ्या, आतलं त्यात जिरतं. फक्त दाढ खरंच काढलेली लागते, विम्याचे साहेब तोंड उघडायला लावून बघतात."

काय करता? धडधाकट दाढ, तुम्हाला सांगतो, ऊस सोलून खाल्लाय तिनं! पण निघता निघेना. अर्ध्यावर मोडली, मग मुळं... तासभर गेला. तोंडात कापूस कोंबून मागच्या खोलीत शिरतो, तर खुर्ची रिकामी. डॉक्टर पुण्याच्या गाडीला गेलेले. आता पुढच्या महिन्यात.

हातात राहिला दातांच्या डॉक्टरचा दाखला. भीत भीत साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी वरचं काही वाचलं नाही, शेवटची ओळ वाचली, "रुग्ण कामावर हजर होण्यास योग्य," आणि किल्ली माझ्या हातात दिली. विमाही मंजूर.

तेव्हा सगळं ठीक आहे. कुलूप आता नऊ वेळा ओढतो. आणि मधल्या वेळात जीभ आपली सारखी त्या दाढेच्या जागी... नाहीच आहे ती तिथं, तुम्हाला सांगतो, कधीच नसते. पण बघितलेलं बरं.