अण्णांचं खरबूज

डोळ्यांत औषधाचे थेंब घालून शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी दोघी बहिणी हळू आवाजात बोलत होत्या. न ऐकायचं ठरवलं तरी कान कुठे मिटता येतात?

"ताई, अण्णांच्या खरबुजाचा वेल मी उपटला."

"कधी?"

"फुलं धरली तेव्हाच. ह्यांना अंगणात गाडी लावायला जागा हवी होती."

"अगं, आजीपासून जपलेलं बियाणं ते. माझ्या घरी माती नाही म्हणून अण्णांनी होतं नव्हतं तेवढं तुला दिलं."

"म्हणून तर सांगायला तोंड उरलं नाही."

"मग काल त्यांच्यासाठी आणलंस ते?"

"बाजारातलं. देठाला माती चोळून आणलं."

"आणि ते गोड म्हणाले."

"म्हणाले. तू चहा ठेवायला आत गेलीस, तेव्हा मी बिया धुवायला घेतल्या."

"सोंग पुरतं वठवायला?"

"हो. त्यांनी वाटी काढून घेतली. म्हणाले, बाळ, या ठेवू नकोस. फळ चांगलं आहे, पण आपलं नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"आणखी एक फोड कापून दिली. तीही खाल्ली त्यांनी."