दोघांकडचा दाणा

(हिंगणी. ओसरीवर आजी देवकाबाई तूर निवडत आहेत. नात सुरभी गावातल्या सिकलसेल आजाराच्या रक्ततपासणी शिबिराचा हिशेब लावते आहे.)

सुरभी : नाई जुळत, आजी. पुन्हा मोजावं लागते.

देवकाबाई : सकाळपासून मोजून राह्यली. दोनशे माणसं मोजाले इतका वेळ?

सुरभी : माणसं नाई मोजत. प्रत्येकात जनुकाचे दोन दाणे असतात समज. दोनशे माणसं, चारशे दाणे. त्यांतले सिकलचे किती, ते काढायचं.

देवकाबाई : अन् दोन्ही खराब निघाले त?

सुरभी : तर आपल्या प्रभाकरकाकासारखं दुखणं. एकच असला तर माणूस धडधाकट.

देवकाबाई : हाडं ठणकत माह्या लेकराची. चुलीपाशी शेकत बसो मी. जाऊ दे. जुळत काय नाई?

सुरभी : शाळेतल्या लेकरांत दहा दाण्यांत एक सिकलचा. अन् लग्नाच्या पोरींत एक सोडला तर शोधून सापडत नाही. एकाच गावात असं कसं होईल?

देवकाबाई : ज्यायच्या घरी दुखणं हाये, त्यायच्या पोरी आल्याच नाई तुह्या शिबिराले.

सुरभी : काऊन?

देवकाबाई : मामाकडे धाडा म्हटलं मी बायायले.

सुरभी : आजी! तू?

देवकाबाई : मंग काय करू? सिकलचं कार्ड दिसलं का पाहुणे चहा न पेता उठते. पोराचं कार्ड मांगते काय कोणी? रविवारी समुद्रपूरचे तुले पाहाले येऊन राह्यले...

सुरभी : तो एक दाणा माझ्यातलाच आहे. मी सांगणार त्यांना.

देवकाबाई : थकवलं बाई तू मले.

सुरभी : मीबी थकली. पण पोरी लपवल्या तर काकासारखी लेकरं होतच राहतील.

देवकाबाई : प्रभाकर गेला तवापासून माही सासू मरेपर्यंत म्हणे, तुह्याच रक्तानं खाल्लं माह्या नातवाले. तुह्या आजोबानं कधी तोंड उघडलं नाई.

सुरभी : एकटीच्यानं होतच नाई ते. एक दाणा तुझा, एक आजोबांचा. दोन्हीकडून आल्याशिवाय दुखणं नाही.

देवकाबाई : त्यायच्याकडूनबी?

सुरभी : हो.

देवकाबाई : नीट मोजून सांगतं ना?

सुरभी : हे मोजायचीबी गरज नाही, आजी.

देवकाबाई : हे तुरीचं सूप धर जरासं. उद्या पोरीयले आणतो मी. अन् त्या समुद्रपूरच्या पोराले निरोप देजो. येतानी रक्त तपासून ये म्हणा.