चौदावा पुडा

पंचवीस वर्षं गणित शिकवतोय, पण माझी चूक काढली ती कडक भाकरीनं. सातवीच्या वर्गात मी ठणकावून सांगितलं, "एक्याण्णव ही मूळ संख्या. तिला एक आणि एक्याण्णव सोडून कशानंच भाग जात नाही."

दुसऱ्या दिवशी सुनीता टेबलाशी आली. तिची आई कडक भाकऱ्या करून दुकानांत देते.

"सर, आई रोज एक्याण्णव भाकऱ्या करती. सात-सातचे तेरा पुडे हुत्यात. एकबी उरत न्हाय."

मी म्हणालो, "आईला सांग, सर चुकले."

तिनं दप्तरातून भाकऱ्यांचा पुडा काढून माझ्यापुढं ठेवला.

"आई म्हनली, उपाशीपोटी गणित चुकतंच की. हा चौदावा तुमाला."