गजकर्ण आणि जत्रेतली कुस्ती

ऐका हो मंडळी! आज या बुवांचा एकच प्रश्न – खाज थांबली म्हणजे रोग गेला का? त्या कोपऱ्यातल्या मावशी मान हलवतात – गेला म्हणतात! बरं, बघू!

एक होता पैलवान, सुबराव. जत्रेची मोठी कुस्ती तोंडावर आणि याच्या कमरेवर उठलं गजकर्ण! अहो, गजकर्ण हे तर गणपतीचं नाव! देवाला शोभतं, कमरेला नाही!

तालमीतला जोडीदार पोपट म्हणाला, "ही ट्यूब लाव. माझ्या मेव्हण्याला लगेच गुण आला!"

"पण डॉक्टर?"

"वरनं तर लावायचं! पोटात घ्यायचंय व्हय?"

लावलं. खाज गायब! स्वारी खूश! पण ट्यूब संपली मात्र – खाज दामदुप्पट, चट्टे पार छातीपर्यंत! औषध लावलं आणि रोग वाढला – हे कसं हो?

सुबराव गेला डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी ट्यूब उलटून वाचली. "अरे, यात स्टिरॉइड आहे. त्यानं खाज झोपली, पण गजकर्णाच्या बुरशीशी लढणारी कातडीची ताकदही झोपली! बुरशीला रान मोकळं. वर कातडी पातळ होते ती वेगळीच."

"म्हंजे मलमच वाईट?"

"नाही रे! याच औषधानं कुणाचा इसब बरा होतो. रोग कुठला, मलम कुठलं, किती दिवस – हे बघायला नको? हे घे, बुरशीचं मलम. चट्ट्याच्या कडेबाहेरही लाव. चट्टा दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. आणि कुस्ती बंद!"

"बाई, वरीसभर घाम गाळलाय!"

"मिठीत येईल त्यालाही देशील."

जत्रा भरली. हलगी कडाडली. नाव पुकारलं! अंगाला माती फासली असती तर कुणाला कळणार होतं? पण सुबराव सदरा घालूनच आखाड्यात आला. हात जोडले. "मला गजकर्ण हाय. ह्या समोरच्या गड्याच्या अंगाला अंग लावणार न्हाई."

हशा! शिट्ट्या! एवढा मोठा गडी – डोळ्यांत पाणी!

समोरचा मल्ल जवळ आला, कानाशी लागला. काय म्हणाला असेल? "दादा… माझ्या बी मांडीला हाय. त्या डॉक्टर कुठं बसत्यात?"

हसता काय! घरच्या फळीवर कुणाची ट्यूब आहे, कुणी दिलेली आहे, ठाऊक आहे? आणि हो – बुवांनी सांगितलं म्हणूनही काही लावू नका, मी डॉक्टर नाही! चला, मघापासून गुपचूप खाजवणारे हात आधी वर येऊ द्या… वाजवा टाळी! विठ्ठल, विठ्ठल!