जुम्म्याची रात्र

"हॅलो? … कोण, सुगंधा? … अगं, मोठ्याने बोल, नळ चालू आहे इथे."

अंधेरीच्या त्या दहा खाटांच्या प्रसूतिगृहात फोन एकच, आणि तोही जिन्याखाली. बोलणाऱ्याने पाठीला बाक देऊनच बोलायचं. वांद्र्याहून बोलणारी सुगंधा ही डॉक्टर मृणालिनीबाईंची नर्स. इकडून बोलणारी मार्सेलिना आणि ती एकाच वर्षी नर्स झालेल्या, त्यामुळे दोघींत मानपान वगैरे काही नव्हतं.

"हो, हो, निरोप मीच ठेवला होता. … जरमीना गं. गोरेगावच्या स्टुडिओतल्या पठाण वॉचमनची बायको. पहिलटकरीण. पाणी गेलंय, कळा मात्र धड येत नाहीत. … हां. … हां. म्हणजे पाणी जाऊन चोवीस तास उलटले असले तर बाई आत्ताच निघणार, नाहीतर संध्याकाळी पेशंट आटपून. … मग संध्याकाळी येऊ देत ना. काल रात्री गेलं, शुक्रवारी. आता शनिवारची दुपार. सोळा तास धर. … कशावरून म्हणजे? तिनेच सांगितलं. … नाही येत तिला हिंदी. मला येते ना पश्तू! … हस, हस."

हसण्यासारखंच होतं ते. तपासायला दर बुधवारी ये म्हणून सांगितलेली जरमीना कधी मंगळवारी उगवायची, कधी गुरुवारी. शेवटी वैतागून मार्सेलिनाने तिच्याकडूनच वार शिकून घेतले, मग महिने, आणि सगळं वहीत उतरवून ठेवलं. चार महिने झाले, एक खेप चुकली नव्हती. त्या वहीचा तिला भारी अभिमान होता.

"अगं ऐक ना. रविवार इतवार, सोमवार गुल, मंगळवार नहा, बुधवार शोरो, गुरुवार जियारत, शुक्रवार जुमा, शनिवार खाली. … महिनेपण येतात. त्यांच्यात चार महिन्यांना बहिणी म्हणतात. पहिली बहीण, दुसरी बहीण, तिसरी, चौथी. … शप्पथ! तिसऱ्या बहिणीत हिची पाळी चुकली, तिथून मोजलं मी. दिवस भरलेत बरोबर. … काय? … पुन्हा सांग. … 'काल रात्री' असं का नाही म्हणाली? … नाही म्हणाली खरी. 'जुम्म्याची रात्र' म्हणाली. … कालला काय म्हणतात ते मला कुठे येतं? वार आणि महिने येतात. … तू पण ना. … बरं, थांब. ठेवू नकोस. नवरा बाहेर बाकावर आहे, त्याला हिंदी येते. … अगं, बायकांच्या गोष्टी त्याच्यासमोर काढल्या तर ती लाजेने मरेल, म्हणून नाही विचारलं. नुसती रात्र विचारते."

तिने रिसीव्हर छातीशी धरला आणि जिन्याखालून मान बाहेर काढली.

"खानसाब, जुम्मे की रात मतलब कौन सी रात? … नहीं नहीं, ऐसेही पूछा. … फिर से बोलो. … रात पहले, दिन बाद में?"

मार्सेलिनाला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली.

"सुगंधा. … ऐक. शुक्रवारी रात्री नाही. गुरुवारी रात्री गेलंय पाणी. … अगं, त्यांचा दिवस सूर्य मावळला की सुरू होतो. जुम्म्याची रात्र म्हणजे जुम्म्याच्या आधीची रात्र. … मला कळायला हवं होतं गं. आमची नाताळची रात्र कुठली? चोवीस तारखेचीच ना? दर वर्षी मिस्साला जाते मी त्या रात्री. … हो. चाळीस तास. … ताप सकाळी शंभर होता. शाल गुंडाळून बसली होती, मला वाटलं त्यानेच अंग तापलंय. … नाडी एकशे दहा. बाळाचे ठोके आहेत, चांगले आहेत, आत्ताच ऐकले. … जेवतायत? मग उठव. भरल्या ताटावरून उठव. … पेनिसिलिन आहे इथे, सुई उकळायला टाकते. … टॅक्सीच करू देत. … आणि चूक माझी, हेपण सांग बाईंना. सात वार पाठ केले आणि वाटलं, भाषा आली. … हॅलो? … हॅलो, आहेस ना?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग चपला. मार्सेलिना रिसीव्हर कानाशी दाबून ऐकत राहिली.

"हां, बोल. … निघाल्या? … बरं झालं, बाई. … काय म्हणाल्या? … कळा कधीपासून, काय खाल्लं, सगळं नीट विचारून ठेवते. … ते येतंय लक्षात. वारांनी भागणार नाही आता. नवऱ्यालाच बोलावते आत. … लाजेल तर लाजू दे. जिवंत राहून लाजू दे. … हो. ठेवते."

तिने रिसीव्हर ठेवला, केसपेपरवरचा शुक्रवार खोडून गुरुवार लिहिला आणि दाराशी जाऊन म्हणाली, "खानसाब, अंदर आओ."