लेबलवर तेलाचं बोट

भरवसा कोणावर ठेवावा गा, डोळ्यावर की मालावर?

माझं लकडगंजात बियाण्याचं दुकान. धानाच्या पिशवीवर कंपनीचं चकाकतं हिरवं लेबल असतं. त्यात शाई नाहीच. डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक छिद्रांमुळे रंग उमटतो. हिरवं नसलं तर माल नकली समजायचा.

परवा कुहीच्या शांताकाकूंनी रिकामी पिशवी काउंटरवर आपटली. “लेबल काळं आहे! पेरून बसली मी!”

“नकली निघाला का काय!” म्हणत मी पिशवी उजेडात धरली. “काही लावलं का लेबलले, काकू?”

“पेरणीआधी पूजा केली. तेलाचं बोट लावलं.”

म्हणजे छिद्रं तेलानं भरून रंग गेला होता! सॅनिटायझरनं पुसलं, तसा हिरवा रंग परत आला.

काकू म्हणाल्या, “माल असली होता, तर तुमी काहून घाबरले?”

किस्सा सांगशील तर हिशोब खरा ठेवजो गा. तेल काकूंनी लावलं, पण माल नकली असेल हे माझ्याही मनात आलं, अन् माल तर माझाच होता.