परिश्रम कुणी घेतले

गारखेड्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या वच्छलाबाईंनी शेजारच्या सुनेशी बोलताना आवाज चढवला, तो समोरच्या बाकावरच्या धाकट्या जावेला ऐकू जावा म्हणूनच.

"मोनिका, बघ तुझी चुलत सासू! पेपरातलं जुनं कात्रण काढून नर्सबाईला दाखवायली."

"कशाचं, आत्याबाई?"

"आपल्या सप्त्याचं. तवाचे पेपरवाले सगळ्यांना काहीतरी घ्यायलाच लावायचे. आमदारानं दर्शन घेतलं, तहसीलदारानं आढावा घेतला, महाराजांनी दारुड्यांचा समाचार घेतला. अन् शेवटी, 'कौसाबाई व इतर महिलांनी परिश्रम घेतले.'"

"वाचता येत नाय, अन् तोंडपाठ?"

"तिनं ऐकवलंय ना लई डाव."

"घेतले असतील की काकूंनी कष्ट."

"हिनं? बातमीदाराला चहा नेऊन दिला, अन् नाव सांगून आली. गावजेवणाची बुंदी मी पाडली. कोपरापोहोत हात पोळले माझे."

"मग तुमचं नाव?"

"इतर महिला."

कौसाबाई समोरून हसल्या. "अक्का, तुम्हीबी हायत की यात!"

"कौसे, तू कागद दाखवीत फिर. गावात अजूनबी लग्न निघालं की आधी माणूस बुंदीसाठी माझ्या दारात येतो, अन् तुला नुसती पत्रिका येती."